जुना संगणक, नवी डबी आणि बडोद्याचे सूर

मंडळाच्या मागच्या बैठकीत माझा विषय होता बडोद्याच्या गाण्याच्या जुन्या ध्वनिमुद्रणांचा. प्रत्यक्षात निम्मा वेळ यूएसबीची वायर, ड्रायव्हर आणि अर्थिंग यावरच गेला. बैठक संपल्यावर चार-पाच जणांनी गाठून सांगितलं, की इतिहास पुस्तकात मिळेल, पण ही खटपट लिहून द्या, कारण आमच्याही घरी कॅसेटी पडून आहेत. मी मुळात इंजिनियर. कारखान्यात तीसेक वर्षं मोटारी आणि पॅनेल यांच्यात काढली, इतिहास नंतर स्वतःच वाचून शिकलो. त्यामुळे माझ्या डोक्यात या दोन्ही गोष्टी वेगळ्या राहत नाहीत. त्या एकत्र लिहितो, वाचकांनी सांभाळून घ्यावं.

पाच कॅसेटी

गेल्या पावसाळ्याआधी आमच्या शेजारचा वाडा रिकामा होत होता. तिथल्या आजी जाऊन बरीच वर्षं झाली. लहानपणी त्या सुरसागरच्या काठच्या गायनशाळेत शिकल्या होत्या आणि पुढे आयुष्यभर घरी शिकवण्या करत होत्या. रावपुऱ्यातल्या दोन पिढ्यांनी त्यांच्याकडे सा लावला. १९८०-९० च्या सुमाराला त्यांच्या एका विद्यार्थिनीने घरच्या टेपरेकॉर्डरवर आठ कॅसेटी भरून ठेवल्या होत्या. गाणं, शिकवणं, मध्येच आठवणी, असं सगळं.

त्या आठांपैकी तीन कॅसेटींचं काय झालं ते मला पक्कं माहीत आहे, कारण त्याला मीच कारण. २००३ साली नवीन संगणक घेतला होता आणि उत्साह दांडगा होता. मी त्या तीन कॅसेटी मागून आणल्या, टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर काढून संगणकाच्या माइकच्या भोकात घातली, आणि ६४ केबीपीएसच्या एमपीथ्री करून सीडीवर उतरवून दिल्या. घरच्यांना वाटलं, आता सीडी आली, कॅसेटी कशाला? त्या रद्दीबरोबर गेल्या. माझ्याकडे आज आहे ती तासाला २९ एमबीची, एका कानाची, फुसफुसणारी प्रत. तीत तानपुरा नाहीच. म्हणजे ऐकू येत नाही असं नव्हे, तो उतरलाच नाही.

उरलेल्या पाच कॅसेटी वाडा रिकामा होताना माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात सापडल्या. आजींच्या नातवाने त्या मंडळाकडे आणून दिल्या आणि म्हणाला, "काका, या वेळी नीट करा." तो सहज बोलला असेल, पण मला ते लागलं.

बडोद्यात आवाज कुठे कुठे हरवला

आता थोडं मागे जाऊ. आवाज जतन करण्याची खटपट या गावाला नवी नाही.

सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ साली बडोद्यात गायनशाळा काढली. तीच संस्था आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या परफॉर्मिंग आर्ट्स विभागाच्या रूपात आहे. गवई म्हणजे घराण्यात गुरूसमोर बसून शिकणार, हा रिवाज असताना पाटी, पुस्तक आणि वर्ग घेऊन गाणं शिकवायचं हे त्या काळात फार धाडसाचं काम होतं. त्यासाठी मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलिपी बसवली. ही आपल्या गावातली आवाज साठवण्याची पहिली पद्धतशीर खटपट म्हणता येईल. सूर कागदावर आला. पण मौलाबक्ष १८९६ साली वारले, आणि ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग आपली यंत्रं घेऊन कलकत्त्याला उतरला तो १९०२ साली. मधल्या सहा वर्षांनी चुकामूक झाली. मौलाबक्षांची लिपी आहे, गळा नाही.

दुसरं उदाहरण भास्करबुवा बखले यांचं. त्यांचा जन्म १८६९ चा, बडोदे संस्थानातल्या कठोर गावचा. बडोद्यातच फैज महंमद खां यांच्याकडे त्यांची तालीम झाली. बालगंधर्व, मास्टर कृष्णराव, गोविंदराव टेंबे ही मंडळी ज्यांना गुरू मानत, ते हे बुवा. ते १९२२ साली गेले. तोपर्यंत तबकड्या घरोघर पोचल्या होत्या, यंत्र हाताशी होतं, तरी बुवांच्या गाण्याची तबकडी आपल्यापर्यंत आलेली नाही. ते आपल्याला ऐकू येतात ते फक्त शिष्यांच्या गळ्यातून.

तिसरं उदाहरण इनायत खां यांचं. मौलाबक्षांचा हा नातू १८८२ साली इथेच, बडोद्यात जन्मला. पुढे १९१० साली तो पश्चिमेकडे गेला आणि सूफी गुरू म्हणून जगभर ओळखला गेला. पण जाण्याआधी १९०९ साली कलकत्त्याला ग्रामोफोन कंपनीसाठी त्याने ३१ गाणी दिली. ती भोंग्यासमोर गाऊन घेतलेली. वीज नाही, मायक्रोफोन नाही. भोंग्याच्या तोंडाशी गायचं, त्या हवेच्या दाबाने पडदा हलणार, पडद्याची सुई मेणात रेघ कोरणार. विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं १९२५ नंतर. या तबकड्या लाखेच्या, एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावणार. तेवढ्यात राग उभा करून संपवायचा. जाडजूड, हळवा, मधला असा कोणताही आवाज त्या भोंग्यातून जेवढा शिरेल तेवढाच उरला. तरीही तो उरला.

अब्दुल करीम खां यांचीही गोष्ट बडोद्यातूनच जाते. ते इथे दरबारी गायक होते, ताराबाई मान्यांना घेऊन इथूनच निघून गेले, आणि त्यांच्या कन्या हिराबाई आयुष्यभर बडोदेकर म्हणून ओळखल्या गेल्या. खांसाहेबांच्या भोंग्याच्या काळातल्या तबकड्या आणि १९३० नंतरच्या मायक्रोफोनवरच्या तबकड्या एकापाठोपाठ ऐका. माणूस तोच, पण मधला सांधा बदलला की काय फरक पडतो ते दोन मिनिटांत कळतं.

आणि शेवटी आफताब-ए-मौसिकी फैयाज खां. दरबाराचे गायक, १९५० साली बडोद्यातच त्यांचं निधन झालं. त्यांच्या ललित, परज, जौनपुरीच्या तबकड्या आहेतच, पण तीन मिनिटांच्या बाहेरचे फैयाज खां आपल्याला मिळाले ते रेडिओमुळे. बडोदे संस्थानाचं स्वतःचं रेडिओ केंद्र होतं. ते १९४८ साली आकाशवाणीत विलीन झालं. रेडिओच्या ध्वनिमुद्रणात त्यांची नोमतोम आलापी ऐकली, की तबकडीवरच्या फैयाज खांना आपण आजवर किल्लीच्या भोकातून बघत होतो असं वाटतं.

या सगळ्यात एक धागा मला दिसतो. आवाज नष्ट होतो तो नेहमी गाणारा गेला म्हणूनच असं नाही. बऱ्याच वेळा तो दोन साधनांच्या सांध्यावर सांडतो. गळ्यातून लिपीत जाताना गमक सांडते, भोंग्यातून मेणात जाताना तानपुरा सांडतो, तबकडीतून कॅसेटीत, कॅसेटीतून संगणकात जाताना आणखी काही. २००३ साली माझ्या हातून जे सांडलं ते अशाच एका सांध्यावर, म्हणजे त्या माइकच्या भोकात.

सांधा न जुळण्याचा एक प्रसिद्ध वादही याच गावात झाला. मार्च १९१६ मध्ये भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद बडोद्यात भरली. कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स साहेब यांच्या श्रुतींच्या हार्मोनियमवरून तिथे खडाजंगी झाली. बावीस श्रुती पट्ट्यांत बसवता येतात की नाही, हा मुद्दा. मला इंजिनियर म्हणून त्यात आजचाच प्रश्न दिसतो. सलग वाहणाऱ्या सुराचे ठरावीक तुकडे केले तर किती केले म्हणजे पुरे? संगणकात आवाज घेताना आपण नेमकं हेच करतो, फक्त एका सेकंदाचे ४८,००० तुकडे करतो.

यूएसबीची छोटी बखर

कॅसेटीतून येतो तो आवाज म्हणजे खालीवर होणारा विजेचा दाब. संगणकाला फक्त आकडे कळतात. या दोघांमधला दुभाषा म्हणजे साउंड कार्ड. पूर्वी ते संगणकाच्या पोटात असे. तिथे पंखा, डिस्क, पॉवर सप्लाय यांचा गोंगाट विजेच्या रूपाने त्याच्यात शिरायचा. म्हणून हा दुभाषा बाहेर काढून एका डबीत बसवला आणि वायरीने जोडला. हीच आपली यूएसबी ऑडिओ इंटरफेस. पुढे मी तिला डबीच म्हणणार आहे.

यूएसबी आली १९९६ साली. तिच्यावरून आवाज कसा न्यायचा याचा सर्वांनी मान्य केलेला करारनामा १९९८ साली ठरला. त्याला ऑडिओ क्लास १ म्हणू. तेव्हाच्या यूएसबीचा वेग सेकंदाला १२ मेगाबिट. २००० साली यूएसबी २ आली, वेग ४८० मेगाबिट. मग अधिक वाहिन्या, अधिक वेग यासाठी २००६ साली नवा करारनामा झाला, ऑडिओ क्लास २.

इथे गोम आहे. डबी आणि संगणक दोघांनाही एकच करारनामा माहीत असेल तर वेगळा ड्रायव्हर लागत नाही, वायर लावली की काम सुरू. विंडोज एक्सपी २००१ ची. तिला पहिला करारनामा येतो, दुसरा तिच्या जन्मानंतरचा. मॅक आणि लिनक्स या दोघांत क्लास २ ची सोय २०१० साली आली. विंडोजमध्ये ती अंगभूत आली २०१७ साली, विंडोज १० च्या एका सुधारित आवृत्तीत. मधली सगळी वर्षं विंडोजवाल्यांना डबी बनवणाऱ्याने दिलेल्या ड्रायव्हरवर अवलंबून राहावं लागलं. आणि बनवणारा जुन्या विंडोजसाठी ड्रायव्हर किती वर्षं ठेवणार?

म्हणजे यूएसबीचं तोंड तेच, खाच तीच, वायर बसते नीट, आणि तरी संवाद होत नाही. मोडी येणाऱ्या कारकुनाच्या हातात इंग्रजी फाइल दिल्यासारखं. कागद तोच, शाई तीच, पण वाचता येत नाही. दोघांपैकी कोणीही बिघडलेलं नसतं.

रावपुऱ्यातली खटपट

मंडळाच्या खोलीतला संगणक २००५ चा, पेंटियम ४, १ जीबी मेमरी, एक्सपी. आमच्या कागदपत्रांची सूची त्याच्यावर आहे म्हणून तो टिकला. डबी आली एका सभासदाच्या मुलाकडून. तो अमेरिकेत असतो, त्याने स्वतःची जुनी म्हणून पाठवली. त्याची "जुनी" आमच्या संगणकापेक्षा बारा-तेरा वर्षांनी तरुण.

वायर लावली. पडद्यावर आलं, अनोळखी उपकरण. डबीवरचा दिवा लागतोय, म्हणजे वीज पोचतेय. ड्रायव्हर शोधला, तर बनवणाऱ्याकडे एक्सपीसाठी काही नाही. रावपुरा टॉवरजवळच्या एका ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला दाखवलं. तो हसून म्हणाला, "काका, आ तो हवे भंगार कहेवाय." नवा घ्या, म्हणजे सुटलं. त्याच्या दृष्टीने बरोबर होतं. पण मंडळाच्या खात्यात तेवढे पैसे नव्हते, आणि मला प्रश्न तत्त्वाचाही वाटत होता. जुनं यंत्र बोलत नाही म्हणून फेकायचं, हाच न्याय लावला तर कॅसेटीही फेकायला हव्यात.

रस्ते दोन होते. एक, जुन्या करारनाम्याची, क्लास १ ची डबी शोधायची. अशा साध्या दोन वाहिन्यांच्या डब्या आजही मिळतात, आणि कॅसेटीला दोनपेक्षा जास्त वाहिन्या लागत नाहीत. ज्यांना एक्सपीच ठेवायची आहे त्यांनी हाच मार्ग घ्यावा. विकत घेण्याआधी एवढंच विचारा, की ड्रायव्हरशिवाय चालते का, आणि क्लास १ मध्ये चालते का. दुसरा रस्ता म्हणजे संगणक तोच ठेवून त्याची भाषा बदलायची. आमच्याकडे डबी फुकट आलेली, म्हणून दुसरा घेतला.

एक्सपीला हात न लावता एक जुनी ४० जीबीची डिस्क जोडली आणि तिच्यावर डेबियन लिनक्सची ३२-बिटची आवृत्ती टाकली. संगणक पेनड्राइव्हवरून सुरू व्हायला तयार नव्हता, म्हणून डीव्हीडी बनवावी लागली. तीन संध्याकाळी गेल्या. चौथ्या दिवशी डबी लावली आणि तिचं नाव यादीत आलं. ड्रायव्हर वगैरे काही न मागता. खोलीत मी आणि आमचे खजिनदार, दोघंच होतो. त्यांनी विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "ओळख झाली. बोलणं बाकी आहे."

बोलणं खरंच बाकी होतं. ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅममध्ये आवाज घ्यायला सुरुवात केली तर दर काही सेकंदांनी टिक, टिक. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पेनड्राइव्हवर फाइल जाते तेव्हा एखादा तुकडा खराब पोचला तर यूएसबी तो पुन्हा मागवते. आवाजाच्या बाबतीत तसं नाही. दर मिलिसेकंदाला सुटणारी गाडी आहे असं समजा. सेकंदाला ४८,००० नमुने घेतले तर एका मिलिसेकंदाच्या वाट्याला प्रत्येक वाहिनीचे ४८ येतात. ते चुकले तर चुकले, गाडी थांबत नाही, परत येत नाही. संगणक दुसऱ्या कामात गुंतला की इकडे खाच पडते, आणि कानाला टिक ऐकू येते. म्हणून आवाज घेताना "सगळं जोडलंय, चालतंय" एवढं पुरत नाही, पूर्ण कॅसेट कानाने ऐकावी लागते.

उपाय साधे निघाले. डबी पुढच्या खाचेतून काढून मागे, थेट मदरबोर्डवरच्या खाचेत लावली. मध्ये हब नको. इंटरनेटची वायर काढली, बाकीचे प्रोग्रॅम बंद. आणि मुख्य म्हणजे बफर मोठा केला. बफर म्हणजे आवाज साठवायचा हौद. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज लगेच कानात हवा असतो, म्हणून स्टुडिओवाले हौद लहान ठेवतात. आपण जुनी कॅसेट उतरवतोय, आवाज पाव सेकंद उशिरा पोचला तर कोणाचं काय बिघडतं? हौद मोठा, तर संगणक जुना असला तरी दम घ्यायला वेळ मिळतो. टिकटिक थांबली. जुन्या संगणकावर काम करणाऱ्यांनी ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी अर्धी लढाई जिंकली.

घूं, पट्टा आणि वेग

टिकटिक थांबल्यावर मागचा "घूं" ऐकू यायला लागला. ५० हर्ट्झचा, म्हणजे घरच्या विजेचा. आमची खोली जुन्या वाड्यातली, स्विचबोर्डला तिसरं भोक आहे पण त्याच्या मागे अर्थिंगची वायरच नाही. टेपडेक एका बोर्डावर, संगणक दुसऱ्या. वायरमनला बोलावून नीट अर्थिंग करून घेतलं, दोन्ही यंत्रं एकाच बोर्डावर आणली, आणि घूं नव्वद टक्के गेला. काही जण घूं घालवायला प्लगची अर्थची पिनच काढतात. तसं कधीही करू नका. घूं जाईल, एखाद्या दिवशी माणूसही जाईल.

टेपडेकचा रबरी पट्टा वितळून डांबरासारखा झाला होता. तो बदलला. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. पाचपैकी दोन कॅसेटींना बुरशी होती. पावसाळ्यात माळ्यावर आणखी काय होणार? टेपची रिळं काढून नव्या कवचात घातली. हेडच्या बाजूचा बारका स्क्रू फिरवून प्रत्येक कॅसेटीसाठी कोन जुळवला. ज्या टेपरेकॉर्डरवर ती भरली त्याच्या हेडचा कोन वेगळा असतो. तो जुळला की फडक्यातून येणारा आवाज एकदम उघडा होतो. हे काम संगणकात नंतर करता येत नाही, ते त्या क्षणीच करावं लागतं.

ज्यांच्याकडे लाखेच्या तबकड्या आहेत त्यांच्यासाठी दोन ओळी. एलपीची सुई त्यांना चालत नाही. एलपीची सुई साधारण २५ मायक्रॉनची, ७८ च्या तबकडीची खाच रुंद, तिला ७५ मायक्रॉनच्या आसपासची लागते. आणि वेगाची खात्री धरू नका. जुन्या काळी सगळ्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांवर घेतलेल्या नाहीत. समजा एखादी ७४ वर घेतली असेल आणि आपण ७८ वर लावली, तर सूर जवळजवळ अर्ध्या पट्टीने चढतो. काळी एकमध्ये गाणारा गवई पांढरी दोनमध्ये गायल्यासारखा वाटतो, आणि मग आपण लेख लिहितो की अमुक गवई फार उंच पट्टीत गात असत. सांध्यावरची चूक अशी इतिहासात शिरते.

काय ऐकू आलं

कॅसेटी ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर घेतल्या. तासाला सुमारे १ जीबी. २००३ च्या माझ्या एमपीथ्रीच्या पस्तीसेक पट. जास्त घेतलं म्हणजे चांगलंच झालं असं नाही, पण कमी घेतलं की परतीचा रस्ता बंद होतो हे मी एकदा अनुभवलं आहे. पातळी थोडी खालीच ठेवली, म्हणजे तान चढली तरी वर आपटणार नाही.

पहिली कॅसेट ऐकायला नातवाला आणि आजींच्या दोन विद्यार्थिनींना बोलावलं. त्या दोघीही आता सत्तरीच्या पुढे. सुरुवातीला तानपुरा आला. नुसती साथ नाही, जवारी ऐकू येत होती, पंचमाची तार किंचित उतरलेली आहे हेही कळत होतं. मग आजींचा आवाज. त्या शिकवत होत्या. आधी बंदिशीचे स्वर म्हणून दाखवायच्या, मात्रा हातावर, मग शब्द. एका विद्यार्थिनीने खुर्चीत बसल्या बसल्या हातावर ताल धरला. पन्नास वर्षांपूर्वीचा हात तसाच पडत होता. मधेच आजी कोणाला तरी म्हणतात, "लिहिलंय तेवढंच नको म्हणूस गं, लिहिलेल्याच्या मधलं म्हण." मागे रस्त्यावरून सायकलची घंटी जाते.

मी त्या वाक्यापाशी थांबवून पुन्हा लावलं. गायनशाळेच्या मुशीतली बाई, स्वरलिपीवर वाढलेली, आणि शिकवताना सांगते की लिपीच्या मधलं म्हण. मौलाबक्षांच्या लिपीतून काय निसटत होतं आणि वर्गात बसून शिकवणारे ते कसं भरून काढत होते, याचा एवढा स्पष्ट पुरावा मला कोणत्या कागदात मिळाला नव्हता. पुढे पाचही कॅसेटी ऐकताना त्या तीन वेळा पूर्वीच्या "त्या दिवशी सांगितलेल्या" भागाचा उल्लेख करतात. तो भाग गेलेल्या तीन कॅसेटींत असणार. माझ्या सीडीवर ते भाग शोधले. एका ठिकाणी त्या काहीतरी हळू आवाजात गाऊन फरक दाखवताहेत एवढं कळतं. काय दाखवताहेत ते फुसफुशीत बुडालं आहे. किती वेळा ऐकलं, किती फिल्टर लावले, नाही निघत. जे उतरलंच नाही ते कुठून निघणार?

नातवाला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "काका, तुम्ही केली नसती तर तेवढीही उरली नसती." चांगला मुलगा आहे. पण मंडळाच्या दप्तरात नोंद करताना मी ती चूक माझ्या नावाने लिहिली आहे.

मंडळाने ठरवलेले

या अनुभवावरून मंडळाने चार गोष्टी ठरवल्या आहेत. एक, प्रत झाली म्हणून मूळ वस्तू टाकायची नाही. कॅसेट असो, तबकडी असो की स्पूल, ती कोरड्या जागी, उभी, नाव-तारीख लिहून ठेवायची. दोन, मूळ प्रत डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये, न दाबता, किमान ४८/२४. एमपीथ्री फक्त ऐकायला आणि पाठवायला. तीन, तीन ठिकाणी प्रती, त्यातली एक गावाबाहेर. विश्वामित्रीचा पूर ज्यांनी पाहिला आहे त्यांना याचं कारण सांगायला नको. आणि चार, प्रत्येक फाइलबरोबर जोडणीची नोंद. कोणता टेपडेक, कोणती डबी, कोणत्या करारनाम्यावर, कोणता वेग, काय दुरुस्त केलं, काय जमलं नाही. उद्या कोणी शहाणा माणूस आमच्या चुका दुरुस्त करायला बसला, तर त्याला आम्ही कुठे सांडलं ते कळायला हवं.

तबकड्यांचा ज्यांना नाद आहे त्यांनी मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सचं काम जरूर पाहावं. १९९० पासून या मंडळींनी तबकड्यांच्या याद्या, माहिती, ओळख यांचा मोठा डोंगर उपसला आहे. पण घरगुती कॅसेटींची यादी कोणत्याच कंपनीच्या कॅटलॉगात नसते. एका कॅसेटीची जगात एकच प्रत असते, आणि ती तुमच्या माळ्यावर असते. मंगल कार्यात गायलेल्या मंगळागौरीच्या गाण्यांपासून कीर्तनकाराच्या उत्तररंगापर्यंत बडोद्याचं मराठीपण जर कुठे आवाजात उरलं असेल, तर ते या चौकोनी प्लास्टिकच्या डब्यांतच आहे. पुढच्या दहा-वीस पावसाळ्यांत त्या बहुतेक संपतील. कॅसेट वाजवणारी यंत्रं त्याच्याही आधी.

तेव्हा रावपुरा, दांडिया बाजार, मांडवी किंवा कुठेही राहणाऱ्या वाचकांना विनंती, की वाडा रिकामा करताना माळ्यावरचा डबा उघडून पाहा. काय आहे कळलं नाही तरी टाकू नका, मंडळात घेऊन या. शनिवारी संध्याकाळी आम्ही असतो. संगणक २००५ चाच आहे, सुरू व्हायला पाच मिनिटं लागतात. तेवढ्यात चहा होतो.